चायनामनचं नाव काय?

"तुमचं हिल स्टेशन तर सपाट आहे!"

महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरून, पाठीवरची सॅक खाली टेकवून, चारी बाजूंना एक नजर टाकून माझ्या रूमीनं दिलेलं हे पहिलं इम्प्रेशन. स्वारगेटपासून साडेतीन तास मी तिला 'तू बघच आता' असं सांगत आणलं होतं. आणि बाईसाहेब म्हणतात, सपाट!

आता तिचंही चूक नाही म्हणा. ती ऐझॉलची. मिझोरमची राजधानी. तिच्या गावात म्हणे बस पकडायला शंभर पायऱ्या चढायच्या आणि किराणा आणायला दीडशे उतरायच्या. घराचं पुढचं दार रस्त्यावर आणि मागची बाजू खांबांच्या आधारानं दरीत उभी. अशा मुलीला महाबळेश्वरचं पठार म्हणजे काय वाटणार? "डोंगराचं डोकं कापून वर बाजार मांडलाय," असं तिनं जाहीर केलं आणि पुढच्या मिनिटाला मक्याचं कणीस घ्यायला पळाली.

मी सांगलीची. आम्हा सांगलीकरांना महाबळेश्वरचं पहिलं इम्प्रेशन असं आठवतच नाही. ते लहानपणीच होऊन गेलेलं असतं. सहावीची सहल, मामाच्या लग्नानंतर अख्ख्या खानदानानं केलेली ट्रिप, कॉलेजमध्ये घरी न सांगता मारलेली चक्कर. वेण्णा लेकवर घोड्यावर बसून भोकाड पसरलेला माझा फोटो अजून आमच्या घरच्या शोकेसमध्ये आहे. त्यामुळे या वेळी ठरवलं की आपण बोलायचं नाही. महाबळेश्वर तिच्या डोळ्यांनी बघायचं. ऑक्टोबरमधला जोडून आलेला विकेंड होता, तिच्या बॉसनं चक्क सुट्टी दिली होती आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे मला सुट्टीही नाही आणि कामही नाही! एक दिवस महाबळेश्वर आणि मग खाली उतरून सांगलीला आमच्या घरी, असा प्लॅन होता.

न बोलण्याचा निश्चय तसा वाटेतच मोडला होता. खंबाटकी घाटाच्या अलीकडे खंडाळ्याची पाटी लागली तेव्हा मला राहवलं नाही. हे लोणावळ्याजवळचं 'आती क्या'वालं खंडाळा नाही बरं का, सातारा जिल्ह्यातलं. महाबळेश्वरच्या गोष्टीत या गावाचा रोल मोठा आहे. 1829 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला डोंगरावरची थंड हवा हवी होती आणि डोंगर होता साताऱ्याच्या छत्रपतींचा. मग अदलाबदल झाली. कंपनी सरकारनं खंडाळा गाव महाराजांना दिलं आणि महाबळेश्वरचं पठार घेतलं. वर जी वस्ती उभी राहिली तिला नाव मिळालं माल्कम पेठ.

"एका गावाच्या बदल्यात डोंगर?" रूमीनं विचारलं. "बार्गेन कोणी केलं होतं?"

खरी गंमत मात्र स्टँडवर झाली. टॅक्सीवाल्यांचा गराडा पडला. 'पॉइंट दाखवतो, पॉइंट! प्रतापगड साइड, पाचगणी साइड, लोकल साइट सीइंग!' त्यातल्या एका पन्नाशीच्या काकांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, ह्या मॅडम चायनाच्या काय?"

हळूच म्हणजे स्टँडभर ऐकू जाईल इतकंच हळू.

"नाही हो काका, मिझोरमच्या."

"मिझोरम म्हंजी?"

"आसामच्या पलीकडं."

"आसाम? म्हंजी आपल्यातल्याच की!" काका एकदम खूश झाले आणि शंभर रुपये कमी केले.

रूमी हसली. ती अशा वेळी हसतेच. पुण्यात सहा वर्षं काढल्यावर तिनं हे हसू कमावलंय. रिक्षावाला, वॉचमन, मॉलमधली सेल्सगर्ल, सगळ्यांना पहिल्यांदा तोच प्रश्न पडतो. काही जण विचारतात, काही नुसतेच पाठीमागून 'चिंकी' म्हणून जातात. 2020 च्या मार्चमध्ये आम्ही राहायचो त्या सोसायटीत ती लिफ्टमध्ये शिरली की आतले दोघं-तिघं बाहेर यायचे. एकानं तर तोंडावर 'कोरोना' म्हटलं होतं. त्या रात्री ती हसली नव्हती. बॅग भरायला घेतली होती. मी दाराला पाठ लावून बसले आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघींनी मॅगीची तीन पाकिटं संपवली. बॅग तशीच अर्धी भरलेली आठवडाभर कोपऱ्यात पडून होती.

तर टॅक्सी निघाली. काकांनी आमच्या हातात पॉइंटांची यादी दिली. लॅमिनेट केलेली, कडेनं दुमडलेली. रूमी मोठ्यानं वाचायला लागली. आर्थर सीट. लॉडविक पॉइंट. एल्फिन्स्टन पॉइंट. बॅबिंग्टन पॉइंट. केट्स पॉइंट. विल्सन पॉइंट. कार्नॅक पॉइंट. "हे महाराष्ट्रात आहे ना?" ती म्हणाली. मग लिंगमळा फॉल, धोबी फॉल... आणि ती थांबली.

"चायनामन्स फॉल." तिनं यादी माझ्यापुढे धरली. "इथेही? हा कोण?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि फार विचार न करता सांगितलं, "कोण तरी चायनीज मानूस पडला असंल तिथनं."

खरं सांगू? मलाही माहीत नव्हतं. पन्नास वेळा ऐकलेलं नाव, एकदाही प्रश्न पडला नव्हता. मास कॉमची डिग्री, लोकांना प्रश्न विचारणं हा धंदा, आणि घरच्या डोंगरावरचं नाव डोक्यावरून गेलेलं. तिला मात्र पहिल्याच दिवशी ते टोचलं.

त्या रात्री लॉजच्या खोलीत, दोन दोन ब्लँकेटं अंगावर घेऊन आम्ही शोधाशोध केली. सातारा जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं जाडजूड गॅझेटिअर आता मोबाइलवर वाचता येतं. त्यात महाबळेश्वरवर पानंच्या पानं आहेत. पाऊस किती, बंगले किती, कुठल्या पॉइंटवरून काय दिसतं. आणि त्यातच आहे चिनी कैद्यांची गोष्ट.

महाबळेश्वरला एक तुरुंग होता. 1834 च्या सुमाराचा. त्यात सव्वाशेच्या आसपास कैदी होते आणि ते होते चिनी आणि मलायी! पेनांग, मलाक्का, सिंगापूर ही तेव्हा ब्रिटिशांची ठाणी. तिथे गुन्हा केलेल्या माणसाला बोटीत घालून हिंदुस्थानात पाठवायचे. त्यातले काही मुंबई इलाख्यात आले आणि थेट आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन पोचले. इथे त्यांनी रस्त्यांवर राबायचं, बागा करायच्या. बटाटे आणि साहेबाच्या जेवणात लागणाऱ्या 'इंग्लिश' भाज्या पिकवायच्या. कोयनेच्या खोऱ्याच्या बाजूला जो धबधबा आहे त्याच्या आसपास या चिन्यांच्या बागा होत्या. म्हणून तो चायनामनचा धबधबा. कोणी पडलं-बिडलं नव्हतं. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला आणि गोष्ट संपली.

"थांब," रूमी उठून बसली. "चीनच्या माणसाला सिंगापूरला पकडलं आणि शिक्षा म्हणून महाबळेश्वरला पाठवलं? लोक इथे हनीमूनला येतात!"

हाच प्रश्न मलाही पडला. पण तेव्हाच्या शिक्षेचा हिशेब वेगळा होता. घरापासून तोडणं हीच शिक्षा. काळं पाणी! समुद्र ओलांडला की माणूस संपला. आणि हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालायचा. आपल्याकडचे कैदी सिंगापूरला जायचे. 1825 पासून 1873 पर्यंत हिंदुस्थानातून हजारो कैदी तिथे नेले गेले, त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. सिंगापूरला ऑफिसच्या कामासाठी गेला असाल तर सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलसमोर फोटो नक्की काढला असेल. पांढरंशुभ्र, उंच सुळक्याचं. ते आपल्याकडच्या कैद्यांच्या हातांनी बांधलंय. आज तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा जो राजवाडा आहे, इस्ताना, तोही.

म्हणजे बघा, इकडचा माणूस तिकडे चर्चच्या विटा रचत होता आणि तिकडचा माणूस इकडे बटाट्याचे वाफे काढत होता. दोघांनाही एकाच साहेबानं पाठवलेलं. वाटेत कुठल्या बंदरात त्यांच्या बोटी एकमेकींजवळून गेल्या असतील का?

"आणि पावसाळ्यात?" रूमीनं विचारलं.

महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला माहितीये. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर म्हणजे नेहमीचीच गोष्ट. साहेबलोक जूनमध्ये बंगले बंद करून खाली पुण्याला उतरायचे. गव्हर्नरचा मुक्कामही पुण्याला हलायचा. तुरुंगाला कुठला आला ऑफ सीझन? धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत आणि आजूबाजूला आपली भाषा बोलणारं कोणी नाही. चिनी माणसाचं महाबळेश्वरचं पहिलं इम्प्रेशन काय असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

सकाळी काकांना सांगितलं, आज प्रतापगड साइड नको, पाचगणी साइड नको. चायनामन्स फॉल.

"तिथं काय बघणार? लिंगमळ्याला चला की, फोटो झ्याक येतोय."

"काका, चलाच."

वाटेत एका शेतापाशी गाडी थांबवली. स्ट्रॉबेरीची लावणी चालली होती. मातीचे गादीवाफे, त्यावर काळंचंदेरी प्लॅस्टिक ताणून बसवलेलं, त्याला भोकं आणि प्रत्येक भोकात हिरवं इवलंसं रोप. वाकून लावणाऱ्या बायकांची रांग. 2010 मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव आता दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. रूमी बांधावर उभी राहून बराच वेळ त्या बायकांकडे बघत होती. "आमच्याकडे आई अशीच वाकलेली असते," ती म्हणाली. "फक्त शेत असं आडवं नसतं. उभं असतं."

मग धबधबा. खरं सांगायचं तर 'वॉव' म्हणावं असं काही नाही. लिंगमळ्यासारखी तिकीट-खिडकी नाही, भेळेच्या गाड्या नाहीत. झाडी, ओली वाट, पायाखाली शेवाळ आणि पलीकडे खोऱ्यात उतरत जाणारं पांढरं पाणी. पाऊस नुकताच सरला होता म्हणून धार तरी होती. जळवा होत्या. एक माझ्या सॉक्समध्ये शिरली आणि मी जी काय किंचाळले ती कोयना धरणापर्यंत ऐकू गेली असेल. रूमीनं दोन बोटांनी उचलून फेकून दिली. पहाडी मुलगी!

कुठेही बोर्ड नाही. इथे अमुक माणसं राहत होती, त्यांनी तमुक पिकवलं, काही नाही. मी म्हटलं, "निदान एखादा दगड तरी लावायला हवा होता."

"त्यावर लिहिणार काय?" ती म्हणाली. "नाव कुठे आहे?"

आणि तिथे माझी ट्यूब पेटली. महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावं बघा. लॉडविक 1824 मध्ये चढून वर आला, त्याच्या नावाचा पॉइंट आहे आणि तिथे त्याचा स्तंभही उभा आहे. आर्थर मॅलेट बसून दरी बघायचा, ती आर्थर सीट. केट म्हणजे माल्कमची लेक असं सांगतात. तिलाही पॉइंट मिळाला, काही न करता! या जागांना आधी आपली नावं होती. केट्स पॉइंटला नाके खिंद म्हणायचे, विल्सन पॉइंट सिंडोल्याच्या टेकडीवर आहे. ती नावं मागे पडली. आणि ज्यांनी खरोखर माती उकरली त्यांच्या वाट्याला काय आलं? चायनामन. 'चिनी माणूस.' हे काही नाव नाही. स्टँडवर काकांनी विचारलं होतं तेच हे. 'ह्या चायनाच्या काय?'

सव्वाशे माणसं. प्रत्येकाला आई-बापानं ठेवलेलं नाव असणारच. कुणी चोर असेल, कुणी दरोडेखोर असेल, कुणी उगाच अडकलेला असेल. सगळ्यांचा मिळून एक चायनामन झाला.

क्रिकेटवाल्यांना हा शब्द वेगळ्या कारणानं माहीत असेल. डावखुरा स्पिनर मनगटानं बॉल वळवतो त्याला 'चायनामन' म्हणायचे. आपला कुलदीप यादव! 2018 मध्ये 'विस्डेन'नं ठरवलं की हा शब्द आता आपण वापरायचा नाही. त्याऐवजी सरळ 'डावखुरा मनगटी स्पिनर' म्हणायचं. कुलदीपच्या विकेटा त्यानं कमी झाल्या नाहीत.

लगेच धबधब्याचं नाव बदला, मोर्चा काढा, असं मी म्हणत नाहीये. उलट ते नाव आहे म्हणून तर मला ही गोष्ट कळली. ते पुसलं तर एवढाही धागा उरायचा नाही. पण एक पाटी लावायला काय हरकत आहे? दोन ओळींची. कोण होते, कुठून आले, काय पिकवलं.

कारण नोंद ठेवली की माणसं उरतात. निलगिरीत असेच स्ट्रेट्समधून आणलेले चिनी कैदी होते, नडुवट्टमच्या सिंकोनाच्या मळ्यांच्या काळातले. सुटल्यावर त्यातले काही तिथेच राहिले, तमिळ बायकांशी लग्नं केली, भाजीपाला आणि कॉफी पिकवली, गाई पाळल्या. एडगर थर्स्टन नावाच्या साहेबानं 1890 च्या दशकात त्यांच्या कुटुंबांवर लिहून ठेवलं, म्हणून ती आज आपल्याला भेटतात. आणि उलट बाजूनं बघायचं तर आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस! सोलापूरचा मुलगा. 1938 मध्ये चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार केले, तिथल्या मुलीशी लग्न केलं, 1942 मध्ये तिथेच गेला. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे आणि त्यांना तिथलं नावही आहे, के दिहुआ. एका मराठी माणसाला त्यांनी स्वतःच्या भाषेत नाव दिलं. आपण त्यांच्या सव्वाशे माणसांना एक धबधबा दिला, तोही साहेबानं ठेवलेल्या नावासकट.

मान्य आहे, डॉक्टर आणि कैदी यांची बरोबरी होत नाही. पण लॉडविक तरी कुठे डॉक्टर होता?

दुपारी जुन्या महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. रूमीनं ओंजळ धरली. मी तिला सांगितलं, हे कृष्णेचं पाणी वाई, कऱ्हाड करत आमच्या सांगलीला जातं. आणि तू सकाळी पाहिलेल्या धबधब्याचं कोयनेला. त्यातलं बरंचसं वीज करून पलीकडे कोकणात उतरतं, पण उरलेलं कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि तेही सांगलीलाच येतं.

"म्हणजे चायनामनपण तुमच्या सांगलीला येतो," ती म्हणाली.

येतो की! मीच कधी ओळखलं नाही त्याला.

मेढामार्गे साताऱ्याला उतरलो, तिथून कऱ्हाड, तिथून सांगली. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. रूमी पहिल्यांदाच आमच्या घरी येत होती आणि वाटेत मला जरा धाकधूक होती. आईबाबांची नाही, आजीची. आजी ऐंशीच्या पुढची, गावभागातून फारशी बाहेर न पडलेली, मनात येईल ते फाडकन बोलणारी. 2019 च्या पुरात बोटीतून बाहेर काढायला आलेल्या जवानाला 'आधी चप्पल काढ' म्हणालेली बाई ती! ही आता काय विचारेल आणि रूमीला पुन्हा ते ठेवणीतलं हसू काढावं लागेल का, हेच माझ्या डोक्यात.

आजीनं तिला आपादमस्तक पाहिलं. मग म्हणाली, "ये गं बाळ. नाव काय तुझं?"

बस. कुठली आहेस नाही, चायनाची का नाही. नाव काय.

रूमीनं सवयीनं ऑफिसमधलं नाव सांगितलं. तिच्या ऑफिसात तिचं खरं नाव कुणाला जमत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून एक सोपं, गुळगुळीत नाव ठेवलंय. आजी म्हणाली, "हे नव्हे. आईनं ठेवलेलं सांग."

तिनं सांगितलं. आजीला पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी अर्धं जमलं. तिनं रूमीला समोर पाटावर बसवलं आणि एकेक अक्षर म्हणून घेतलं, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. पाचव्या वेळी आलं. पूर्ण, शेवटच्या 'ई'सकट. रूमीनं सांगितलं, आमच्याकडे बायकांच्या नावाच्या शेवटी 'ई' असते आणि पुरुषांच्या 'आ'. आजी म्हणाली, "मग वेगळं काय त्यात? कृष्णाबाई, लक्ष्मी... आमच्यातपण तेच की."

मी तिची सहा वर्षांची रूमी. मला ते नाव धड उच्चारता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी 'रूमी' म्हणते. प्रेमानं म्हणते, पण म्हणते.

दुसऱ्या दिवशी आयर्विन पुलावर गेलो. 1929 चा पूल, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. खाली कृष्णा शांत, पाणी मातकट. भडंगाचा पुडा अर्धा संपल्यावर रूमीनं विचारलं, "हा पूल कोणी बांधला?"

"आयर्विन..." म्हणता म्हणता मी जीभ चावली.

ती हसली. या वेळचं हसू खरं होतं.

बघा, पुढच्या वेळी महाबळेश्वरला जाल तेव्हा स्ट्रॉबेरी क्रीम खा, फोटो काढा, चपला घ्या, सगळं करा. त्यात काही वाईट नाही. मीही केलं. फक्त टॅक्सीवाल्या काकांना एकदा चायनामन्स फॉलचं विचारून बघा. आमच्या काकांना आता गोष्ट माहीत आहे. निघताना म्हणाले, "ताई, आता गिऱ्हाइकाला सांगतो, कोण पडलं न्हवतं म्हणून."

आणि तुमच्या ऑफिसात, पीजीत, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी असेल, जिचं नाव तुम्ही सोयीसाठी आखडून टाकलंय, तर एकदा पूर्ण विचारा. चार वेळा चुकेल. पाचव्या वेळी येतं, आमच्या आजीला आलं.

तुम्ही म्हणाल, एवढा नावांचा कॉलम लिहिलास आणि रूमीचं नाव काही सांगितलं नाहीस! मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, "छापू नकोस. म्हणायला शिक."

सध्या प्रॅक्टिस चालू आहे. 'ई' अजून थोडी आखूड पडते.